दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं

तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये लिफ्ट थांबली, त्याला वीस मिनिटं होऊन गेली तेव्हा डोक्यावरून एका पुरुषाचा आवाज आला, "घाबरू नका."

"मी घाबरलेले नाही," ती म्हणाली. "तुम्ही कोण?"

"लिफ्टवाला."

"कशावरून?"

अडकलेल्या लिफ्टच्या टपावर गुडघे टेकून बसलेल्या माणसाला आजवर लोकांनी बरंच काही विचारलं असेल — हवा पुरेल ना, दोर तुटणार नाही ना, अजून किती वेळ... हा प्रश्न नवा असावा. मग टपावरच्या पंख्याची जाळी बाजूला सरकली आणि वंगणाने काळ्या झालेल्या दोन बोटांतून एक ओळखपत्र खाली आलं.

तिने ते दिव्याखाली धरून दोन्ही बाजूंनी वाचलं. फोटोतला माणूस तिशी ओलांडलेला, 'हसू नका' असं कुणीतरी नुकतंच बजावल्यासारखा.

"याची मुदत मागच्या महिन्यात संपलीय."

"हो... नवीन यायचंय. तोवर लिफ्ट सुरू करू, की थांबू?"

ओळखपत्र परत द्यायला ती चवड्यांवर उभी राहिली, आणि घेताना त्याची बोटं तिच्या अंगठ्याला लागली. तो काळा डाग पुढे दोन दिवस तिच्या अंगठ्यावर राहिला. प्रेमकथांत अशा वेळी अंगावर शहारा येतो. तिला साबण कुठे आहे ते आठवलं.

वरून, दूरवरून गाणं झिरपत होतं. चौथ्या मजल्यावर आत्याने रेकॉर्ड लावली असणार. टपावरचा पाना खटखट करत होता, मग एकाएकी थांबला. बराच वेळ कसलाच आवाज नाही. तिने घड्याळ पाहिलं. सुटका झाली तेव्हा ओळखपत्र दिल्यापासून अठरा मिनिटं झाली होती. घरी गेल्या गेल्या तिने ती वहीत लिहून ठेवली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. सवय, दुसरं काय!

ही सवय तिला नोकरीने लावली होती. विमा कंपनीत आलेले दावे खरे की खोटे हे ती ठरवत असे, आणि ऑफिसात तिला सगळे 'भिंग' म्हणत. आधी पाठीमागे, नंतर तोंडावर. एका दुकानाला आग लागली होती. मालक धाय मोकलून रडला, सगळं ऑफिस हळहळलं. भिंगने एवढंच विचारलं, की दुकानातलं मांजर आणि त्याची गादी आगीच्या आदल्या दिवशीच घरी कशी गेली? मांजर वाचलं. दावा मात्र जळाला.

तिचा एकच नियम होता. माणूस काय बोलतो ते ऐकायचं नाही, त्याला काय मिळणार आहे ते बघायचं.

हा नियम तिने घरीही लावून पाहिला होता आणि तो तिथेही खरा ठरला होता, हीच पंचाईत. दोन वर्षांपूर्वी एक जण तिला तीन महिने फुलं आणून देत होता. चौथ्या महिन्यात कळलं, की त्याच्या मामाच्या गोदामाची फाईल तिच्याच टेबलावर आहे. फाईल नामंजूर झाली, तशी फुलंही बंद झाली. तेव्हापासून आपल्याला फुलांची ॲलर्जी आहे असं ती सांगते. डॉक्टरांना अजून काही सापडलेलं नाही.

घरात ती आणि आत्या. आणि काकांचा स्टिरिओ.

काका म्हणजे आत्याचे धाकटे भाऊ. लग्न केलं नाही, संसार केला तो या यंत्राशी. शिसवी रंगाचा रेकॉर्डप्लेयर, सुरू केल्यावर हिरवा दिवा लागून हळूहळू गरम होणारा ॲम्प्लिफायर, कमरेएवढे उंच दोन स्पीकर आणि साडेतीनशे रेकॉर्ड. जाताना हे सगळं ते तिला देऊन गेले, कारण आत्या कव्हरांची अदलाबदल करते असा त्यांचा ठाम आरोप होता. दोन्ही स्पीकरांच्या बरोबर मध्ये त्यांनी एक वेताची खुर्ची ठेवली होती आणि तिच्या पायांशी जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा केल्या होत्या. आवाज खरा ऐकू येतो तो फक्त तिथे. एका वेळी एकालाच.

शनिवारी तिला सुट्टी असे. दुपारी जेवण झालं की ती खुर्चीत बसायची, आत्या पलंगावर. रेकॉर्डवरून मऊ ब्रश फिरवायचा, सुई अलगद खाली सोडायची... आणि गाणं सुरू होण्याआधीची ती बारीक खरखर ऐकायची. आठवडाभर खोटं ऐकून किटलेल्या कानांना ती खरखर बरी वाटे. ती कुणाकडून काही मागत नसे.

त्यातली एक रेकॉर्ड दोघींची विशेष लाडकी. काकांनी कुठल्याशा जुन्या बाजारातून आणलेली. दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं. दुसऱ्या कडव्यात गाणारी बाई नदीवर जायला निघते आणि नेमकी तिथे सुई उडते. बाई एकदम घरी परतलेली असते, तीही दमून. नदीवर काय घडलं ते काकांना ठाऊक नव्हतं, आत्यालाही नाही. आत्याचा तर्क होता, आणि तो ती वयाला न शोभेल अशा खुलेपणाने सांगायची.

पुढच्या शनिवारी लिफ्ट पुन्हा बंद पडली. त्याच्या पुढच्या शनिवारीही.

"चाललीय हो आता," दारात उभा राहून लिफ्टवाला म्हणाला. हातात अवजारांची पिशवी. "एक पेलाभर पाणी मिळेल?"

"तळमजल्यावर नळ आहे," ती म्हणाली.

"अगं, काय हे!" आतून आत्या. "या हो, या आत. ही अशीच आहे. लहानपणी हिने दूधवाल्याला म्हशीचा पत्ता विचारला होता."

तो आत आला. पाणी अगदी सावकाश प्यायला — इतक्या सावकाश की गाणं संपलं तेव्हा पेला अर्धा भरलेला होता. मग स्टिरिओकडे बघत म्हणाला, "एक सांगू का? प्लेयर एका बाजूला कललाय."

"तुम्हाला कसं कळलं?"

"दिवसभर सरळ-तिरकं हेच बघतो मी." त्याने पिशवीतून बुडबुड्याची लेव्हलपट्टी काढून प्लेयरवर ठेवली. बुडबुडा डावीकडे पळाला. "बघा."

त्याने पुठ्ठ्याचा तुकडा दुमडला, प्लेयरच्या एका पायाखाली सरकवला, काढला, परत दुमडला. बुडबुडा मधे येतोय का हे बघायला दोघांनाही वाकावं लागलं. पट्टी बोटभर रुंद, त्यामुळे डोकी जवळ आली. त्याला लोखंडाचा आणि साबणाचा वास येत होता. बुडबुडा थरथरला... थरथरला... आणि दोन रेषांच्या मध्ये थांबला. दोघांपैकी कुणीच लगेच सरळ झालं नाही.

"आता दोन्ही कानांना सारखं ऐकू येईल," तो हळूच म्हणाला.

"खुर्चीत बसणाऱ्याला. बाकीच्यांना नाही."

"दोघांनाही येतं की. फक्त... जवळ बसावं लागतं."

ती ताडकन सरळ झाली. "ह्यातून तुम्हाला काय मिळणार?"

"कशातून?"

"पुठ्ठ्यातून."

तो हसला. फोटोपेक्षा बराच बरा दिसला, हेही तिने नोंदवलं, संशयितांच्या वर्णनात नोंदवतात तसं. "सगळ्यांना हेच विचारता का?"

"सगळ्यांना. माणूस काय बोलतो ते ऐकायचं नाही, त्याला काय मिळणार ते बघायचं."

"मग एक पेला पाणी लिहा," तो म्हणाला आणि जिन्याने खाली गेला.

पाच आठवड्यांत लिफ्ट चार वेळा बिघडली, चारही वेळा शनिवारी, चारही वेळा तोच. भिंगने तपास सुरू केला. आधी दुसऱ्या मजल्यावर. तिथे दाताचा दवाखाना होता आणि शनिवारी तिथली फरशी पुसली जाई. पुसणारी बाई पाण्याची बादली लिफ्टच्या दारात अडकवून ठेवत असे. दार अर्धा तास आपटत राही आणि शेवटी रुसून बसे. म्हणजे बिघाड खरा होता. तिला किंचित वाईट वाटलं. मग तिने लिफ्ट कंपनीत फोन लावला.

"शनिवारी आमच्याकडे नेहमी तेच का येतात?"

"पहिल्यांदा बदलीवर आले होते, मग त्यांनीच मागून घेतला शनिवार," पलीकडची मुलगी म्हणाली. "नाहीतर त्यांची सुट्टी असते. तक्रार आहे का काही?"

"अजून नाही," ती म्हणाली.

सुट्टीचा दिवस देऊन बिघडलेली लिफ्ट मागून घेणारा माणूस! आत्याला ती हे सांगायला गेली तर आत्या उशीत तोंड घालून हसायला लागली. "अगं बाई, एवढा तपास? मला विचारायचंस ना! तू आतल्या खोलीत असलीस की त्याची मान कुठे वळते ते मी पलंगावरून बघते."

"कुठे?"

"शोध आता. भिंग आहेस ना?"

त्या शनिवारी तिने केस दोनदा विंचरले आणि दुसऱ्यांदा का विंचरले याबद्दल स्वतःवरच संशय घेतला. तो आला. पाणी प्यायला. या वेळी तिने कॉफीही दिली आणि ती फार गोड झालेली असूनही त्याने छान म्हटलं. म्हणजे तो खोटं बोलू शकत होता, हे नक्की झालं. आत्या मुद्दाम झोपली. घोरायचं मात्र ती विसरली.

"तुम्ही खरंच लोकांचं खोटं पकडता?" त्याने विचारलं.

"लोक स्वतःच पकडून देतात. मी फक्त गप्प बसते."

"आणि समोरचाही गप्प बसला तर?"

"तर..." ती कपात बघत राहिली. "तर कॉफी थंड होते."

ती कॉफी थंडच झाली. खिडकीतून उतरतं ऊन स्पीकरच्या जाळीवर आलं होतं. आपण गेली दहा मिनिटं काहीच तपासलेलं नाही, हे तिच्या लक्षात आलं आणि तिला हलकं वाटलं, घट्ट चप्पल काढल्यासारखं. जायला उठून तो पिशवी आवरू लागला. आवरता आवरता, आपल्याच नादात, तो गुणगुणायला लागला. तेच गाणं. पहिलं कडवं, धृपद, दुसरं कडवं... बाई नदीवर जायला निघाली... आणि एकदम, मधला श्वासही न घेता, घरी परतली.

तिच्या हातातला कप बशीत वाजला.

"हे गाणं तुम्ही कुठे ऐकलंत?"

"हे? जुनंच आहे की. सगळ्यांनीच ऐकलेलं असतं..."

"सगळ्यांची बाई नदीवर जाते," ती म्हणाली. "फक्त आमची जात नाही."

पिशवीची चेन अर्ध्यावर थांबली. पलंगावर आत्याने श्वास रोखला.

"इथे तुम्ही ते दोनदा ऐकलंत. दोनदा ऐकून कुणाला ओरखडा पाठ होत नाही. ही रेकॉर्ड तुम्हाला आधीपासून माहीत आहे."

त्याने पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, "ओरखडा माझाच आहे."

आणि त्याने सांगितलं. आठ वर्षांचा होता. गाणारी बाई आत कुठे बसते ते बघायला त्याने चालू रेकॉर्डवर सुई दाबली होती. आई ओरडली नाही. ती पुढे आयुष्यभर ते गाणं तसंच म्हणत राहिली, नदी गाळून, भाकऱ्या भाजतानासुद्धा. तोही तसंच शिकला. आई गेली, घर आवरलं, आणि मोठ्या बहिणीने रेकॉर्डची पेटी जुन्या सामानात देऊन टाकली. तिला ते फक्त सामान वाटलं. तो तेव्हा परगावी होता.

"त्या दिवशी टपावर बसलो होतो आणि वरून ते आलं. उडी मारली त्याने, तिथेच... माझ्या हातातून पानाच सुटला." तो थांबला. "लिफ्ट सात मिनिटांत दुरुस्त झाली होती."

"आणि उरलेली अकरा?"

"ती बाजू संपायची होती."

दुसरी कुणी असती तर इथे तिचे डोळे भरून आले असते. तिचेही आले, पण कारण वेगळं होतं. फुलं, मामा, गोदाम. पाणी, पुठ्ठा, रेकॉर्ड. नियम पुन्हा खरा ठरला होता, आणि या वेळी तो खोटा ठरावा म्हणून तिने केस दोनदा विंचरले होते.

तिने रेकॉर्ड उतरवली, पुसली, कागदी पाकिटात घातली, मग कव्हरात. आणि त्याच्यासमोर धरली.

"घेऊन जा."

"अहो, मी त्यासाठी नाही... म्हणजे आधी त्यासाठीच, पण नंतर—"

"तुमची आहे, तुम्हाला मिळाली. आता पाणी प्यायला चार मजले चढायची गरज नाही."

मग त्याने रेकॉर्ड घेतली, दोन्ही हातांनी, आणि गेला. त्याने 'नको' म्हणावं असं आपल्याला वाटत होतं, हे तिला दार लावल्यावर कळलं.

"माझ्या भावाची रेकॉर्ड दिलीस?" आत्या उठून बसली होती.

"त्याच्या आईची होती."

"बरं केलंस. मग दाराला का टेकून उभी आहेस?"

"दार नीट लागलंय का बघतेय."

पुढचा शनिवार आला. त्याच्या पुढचाही. लिफ्ट धडधाकट होती. इतकी की तिला तो उर्मटपणा वाटला. दुसऱ्या मजल्यावर बादली नेहमीसारखी दारात अडकवलेली होती, पण एक टकला, नवा लिफ्टवाला आता वारंवार येऊन दार बसवून जाई आणि कुणाकडे पाणी मागत नसे. ती खुर्चीत बसायची, दुसऱ्या रेकॉर्ड लावायची. सगळ्या धड होत्या. एकही कुठे उडत नव्हती. प्लेयर सरळ होता, दोन्ही कानांना सारखं ऐकू येत होतं, आणि तिला एकाही कानाला बरं वाटत नव्हतं.

आपलं बरोबर निघालं, असं तिने स्वतःला बजावून पाहिलं. नऊ वर्षांत हजारभर वेळा तिचं बरोबर निघालं होतं. पण बरोबर निघाल्यावर जेवण जाईनासं झालं, असं पहिल्यांदाच होत होतं.

"फोन कर त्याला," आत्या म्हणाली.

"काय म्हणून?"

"काहीही म्हण. माणसं काहीही बोलतात आणि त्यावर त्यांची लग्नं होतात. सगळं पुराव्यानिशी बोलायला ती काय कोर्टात उभी असतात?"

तिने फोन केला नाही. कंपनीचा नंबर दोनदा फिरवून ठेवून दिला. तिसऱ्या शनिवारी, दुपारी, आत्याचा डोळा खरोखरच लागलेला असताना, बेल वाजली.

तो होता. अंगात इस्त्रीचा शर्ट, हात स्वच्छ आणि रिकामे. अवजारांची पिशवी नव्हती, कव्हर नव्हतं, काहीच नव्हतं. तिने दाराची साखळी काढली नाही.

"लिफ्ट चालू आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे. पण मी जिन्याने आलो. उगीच तिच्यावर आळ नको." त्याला धाप लागली होती. "तसंही ही इमारत आता माझ्याकडे नाही. बदलून मागितली."

"का?"

"सांगतो. आधी विचारून घ्या तुम्ही."

तिने साखळीच्या वरून त्याच्याकडे पाहिलं. मग, दुसरं काही सुचेना म्हणून, तिने जे येत होतं तेच केलं.

"रेकॉर्ड?"

"घरी आहे."

"ऐकायला इथलाच प्लेयर लागणार असेल."

"मीही तेच म्हटलं, तुम्ही हे म्हणणार. म्हणून प्लेयर घेतला. जुना, मोडका. बसून दुरुस्त केला. दोन आठवडे त्यातच गेले, नाहीतर आधीच आलो असतो. स्पीकरही लावलेत. तुमच्याएवढे मोठे नाहीत, पण लावलेत."

"काकांच्या आणखी साडेतीनशे आहेत."

"मला त्यांतलं एकही गाणं येत नाही."

"तहान?"

"खालच्या नळावर पाणी पिऊन आलो."

ती गप्प बसली. समोरचाही गप्प बसला. लोक अशा वेळी बोलायला लागतात आणि स्वतःला पकडून देतात, हा तिचा नऊ वर्षांचा अनुभव होता. हा मात्र शांतपणे उभा होता. फक्त त्याचा डावा हात शर्टाचं शेवटचं बटण उघडत होता... लावत होता... परत उघडत होता.

"तुम्ही म्हणाला होतात," शेवटी तोच म्हणाला, "माणूस काय बोलतो ते ऐकायचं नाही, त्याला काय मिळणार ते बघायचं. मग मी एकेक करून सगळं मिळवून टाकलं. इथे यायला आता माझ्याकडे एकही कारण उरलेलं नाही. मी नीट बघितलं. सगळी संपली. आणि तरी आज सकाळी उठलो, शर्टाला इस्त्री केली आणि..." तो थांबला. "इथून तुमच्याशिवाय मला काही मिळण्यासारखं नाही. बघा तपासून. घाई नाही, मी उभा आहे."

तिने तपासलं. खरंच तपासलं — दारात, साखळी लावलेल्या फटीतून, त्याच्या चेहऱ्यापासून बुटांपर्यंत. काहीतरी असणारच. आत्याच्या नावावर काही? नाही. ऑफिसात कुठली फाईल? लिफ्ट कंपनीचा एकही दावा तिच्याकडे नव्हता. ते तिने पहिल्याच आठवड्यात बघितलं होतं. मग शर्ट? शर्टाची इस्त्री एका बाहीवर करपली होती. तो डाग त्याने लपवला नव्हता, बहुधा पाहिलाच नव्हता. ती त्या पिवळ्या डागाकडे बघत राहिली आणि तिला आधी हसू फुटलं, आणि मग तिला फार भीती वाटली. कारण कुठेही खोट सापडत नाही, अशी फाईल तिच्यासमोर आजवर आलीच नव्हती. अशा वेळी काय करायचं, ते तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

"मला याची सवय नाही," ती हळूच म्हणाली. "मी अधूनमधून परत विचारीन."

"विचारा."

"रोजसुद्धा विचारीन."

"रोज यायला तेवढं एक कारण मिळेल मला," तो म्हणाला, आणि लगेच जीभ चावली. "नाही — कारण नको. तसाच येईन."

आत पलंग करकरला. झोपेने जड झालेला आत्याचा आवाज आला. "कोण आहे गं? लिफ्टवाले आलेत का?"

तिने साखळी काढली. दार पूर्ण उघडलं.

"नाही आत्या," ती म्हणाली. "माझ्याकडे आलेत."